कमळपात्रातला घास

१

आण्णासाहेब खुर्चीवरून कोसळले तेव्हा त्यांच्या बोटांना अजून आमटी लागलेली होती. आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. त्यांच्या लेकीनं, हर्षालीनं, "पप्पा!" म्हणून किंकाळी फोडली, तेव्हा कुठं माणसं हलली. चेहरा लालभडक, श्वास लागलेला आणि डोळे माझ्यावर रोखलेले. मी त्यांच्या समोरच बसले होते. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

मी सत्यभामा. जळकोटच्या बाहेर हायवेला लागून एक डिझाइन कॉलेज आहे, तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. स्वभावानं भित्री आणि तोंडानं फटकळ. पाल दिसली की आधी किंचाळते, मग पालीलाच शिव्या घालते. पण त्या दुपारी माझ्या तोंडून शिवीही फुटली नाही.

शेवटच्या वर्षाच्या पोरांनी यंदा श्रीमंतांसाठी दागिने आणि जेवणाची भांडी केली होती. विषय दिला होता आशियातल्या संस्कृतींचा. कळंबच्या चैताली ओव्हाळनं भिक्खूंच्या भिक्षापात्रावरून आणि तेरच्या जुन्या कमळनक्षीवरून चांदीच्या वाट्या घडवल्या. तिनं त्यांना नाव दिलं होतं कमळपात्र. नळदुर्गच्या कुलदीपनं चिनी धाटणीचे लांब दांड्याचे चमचे केले. हर्षालीनं ब्रह्मदेशातल्या पॅगोड्याच्या घुमटासारखी अंगठी केली, सोन्याचं पाणी दिलेली. दिसायला ही एवढी मोठी, पण आतून पोकळ, त्यामुळं हाताला हलकी. मुंबईचा बडा व्यापारी हे सगळं बघायला येणार होता. त्याआधी रंगीत तालीम म्हणून आम्ही पोरांचे दागिने अंगावर घालून दुपारी जेवायला बसलो. आण्णासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, परंड्याचे मोठे बागायतदार. लेकीची अंगठी त्यांनी मोठ्या कौतुकानं उजव्या हातात घातली होती.

कुलदीपनं एकाच पातेल्यातून सगळ्यांना येसर आमटी वाढली. चिंच सढळ हातानं घातलेली. आण्णासाहेबांनी कमळपात्र सरळ तोंडाला लावून भुरका मारला आणि "वा!" म्हणाले. भाकरी यायला वेळ होता, तोवर ते परंड्याच्या उसाच्या गप्पा मारत राहिले आणि आम्ही चमच्यांशी झटत राहिलो. आमच्या भागात आमटी चमच्यानं खाणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर पाहुणा. भाकरीची दुरडी फिरली तसा आण्णासाहेबांनी चमचा बाजूला सारला.

"ह्यो तुमच्या मुंबैवाल्याला द्या," ते म्हणाले. भाकरी पात्रात कुस्करली, पाची बोटांनी कालवली आणि हाणायला सुरुवात केली.

आम्ही हसलो. ते हसू ओसरायच्या आत ते पडले.

२

सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं, पण शुद्धीवर कधी येतील ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीचा निकाल आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सायनाईड. पातेल्यातल्या आमटीत नव्हतं. आमच्या कुणाच्याच पात्रात नव्हतं. फक्त आण्णासाहेबांच्या कमळपात्रात होतं.

सोन्याचं पाणी चढवायच्या द्रावणात ते असतं, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून तर कॉलेजात ते काम करायला सक्त मनाई. वस्तू सोलापूरच्या कारागिराकडं पाठवायच्या, असा नियम.

मग सगळ्यांची बोटं चैतालीकडं वळली. पात्रं तिची. पुसून मांडली तिनं. आणि आठवड्यापूर्वीच ती आण्णासाहेबांशी भांडली होती. मुंबईवाल्यासमोर नाव फक्त हर्षालीच्या अंगठीचं घ्यायचं, बाकीच्या वस्तू नुसत्या मांडायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. "माझं नाव काढणार असाल तर पात्रं वितळवून टाकीन," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणाली होती. आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू आला होता.

संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर जीपगाड्या लागल्या. परंड्याची माणसं. ओरडत नव्हती, काही फेकत नव्हती. नुसती उभी होती आणि वसतिगृहाच्या खिडक्यांकडं बघत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी चैतालीला माझ्या खोलीत आणलं आणि कडी लावली.

आत मुलींची वेगळीच तऱ्हा. मेसमध्ये कुणी फिरकेना. पुड्यातली बिस्किटं खायची, तीही पुडा स्वतः फोडून. एकीनं दुसरीला पाण्याची बाटली दिली तर दुसरी ती हळूच खाली ठेवायची. आणि चैतालीचं नाव निघालं की सगळ्या गप्प.

तेवढ्यात दारावर थाप पडली. चैतालीनं माझा हात घट्ट धरला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली.

"कोण हाय?" मी जमेल तेवढ्या दमात विचारलं.

"उघडा अक्का. पोलीस."

३

फौजदार रुद्रम्मा बिराजदार. सीमेकडच्या बाई, घरी कानडी बोलणाऱ्या. खिशात भुईमुगाच्या शेंगा. आत येताच त्यांनी खुर्ची ओढली, शेंगा टेबलावर ओतल्या आणि आम्हा दोघींपुढं सारल्या. कालपासून कुणी कुणाला खायला दिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"साहेबांचा फोन आलाय," त्या चैतालीला म्हणाल्या. "सकाळी तुला ताब्यात घ्या म्हणत्यात. तोवर मला खरं सांग. पात्राला काय लावलं व्हतंस?"

"काय न्हाय मॅडम. राखेनं घासली, पाण्यानं धुतली, फडक्यानं पुसली. सगळी एकसारखीच."

"आण्णासाहेबाचं पात्र कोणतं, हे तुला ठावं व्हतं?"

"कसं असणार? ते त्या जागेवर बसणारच नव्हते. ती जागा महांतप्पा सरांची. आण्णासाहेब म्हणले, हितं कूलरचं वारं चांगलं येतंय, आन् सर उठून त्यांच्या जागी गेले."

हे खरं होतं. महांतप्पा सर म्हणजे या पोरांच्या विभागाचे प्रमुख. त्यांना उठताना मीच पाहिलं होतं. रुद्रम्मांनी शेंग फोडायची थांबवली.

"म्हंजी त्या पात्रातला घास सरांचा व्हता?"

चैताली रडायला लागली. "मला कुणालाच मारायचं नव्हतं. सकाळी मला नेलं ना मॅडम, तर मी निर्दोष सुटले तरी कळंबला कुणी माझ्या हातचं खाणार न्हाय. बाबांची मान खाली जाईल. मी काय केलं ओ?"

मला तिची लई कीव आली. पण खोटं कशाला सांगू, माझ्या मनातही एक भीती वळवळत होती. या पोरीसोबत एकाच खोलीत आज मला झोपायचं होतं.

४

माझ्या खोलीबाहेरच्या ऑफिसात बोलावलं, तर कुलदीप दाराशी उभा राहूनच बोलला. आत यायला तयार नव्हता.

"म्या फक्त आमटी वाढली मॅडम. सगळ्यांना एकाच पळीनं. नंतर आण्णासाहेबांजवळ कुणीच गेलं न्हाय."

"चैतालीबद्दल काय सांगायचंय?"

त्यानं माझ्याकडं चोरून पाहिलं. "भांडण झालं व्हतं. हर्षाली आन् तिचं. जेवणाच्या आदल्या दिवशी, वर्कशॉपमंदी. चैताली अंगठी हातात धरून म्हणत व्हती, ही कुणाच्या बोटात घालू नको. बोटाचं वाटोळं हुईल म्हणली. हर्षाली रागानं अंगठी हिसकावून गेली."

मी खोलीच्या बंद दाराकडं बघितलं. आत चैताली होती.

महांतप्पा सर आले ते घाम पुसतच. बसले, उठले, परत बसले. रुद्रम्मांशी कानडीत बोलू लागले तशी बाई म्हणाल्या, "मराठीत बोला सर. अक्कालाबी कळू द्या."

"मलाच मारायचं होतं," सर म्हणाले. "जागा माझी होती. मी त्या मुलीला गुण कमी दिले होते. मला संरक्षण पाहिजे मॅडम. मी घरीही जाऊ शकत नाही."

"कॉलेजात सायनाईड कुठं हाय?"

"कुठंच नाही! मनाई आहे. वर्कशॉप बघा हवं तर."

आम्ही बघितलं. वर्कशॉप लखलखीत होतं. फरशी आरशागत, बेसिन कोरडं ठणठणीत, मागची कोठी रिकामी. शोधण्यासारखं तिथं काही नव्हतं.

५

खाली येऊन मी चहाला आधण ठेवायला गेले तर नळाला फुसकारा. टाकी रिकामी. आमच्याकडं चैत्रात टँकर चार दिवसांनी येतो आणि मुलींना मी बादली मोजून देते. टँकर जेवणाच्या दिवशी सकाळीच येऊन गेला होता, आणि त्या दिवसापासून मुलींनी भीतीनं अंघोळीसुद्धा धड केल्या नव्हत्या. मी चिडले आणि रुद्रम्मांसमोरच कामवाल्या बाईंवर खेकसले.

"एवढं पाणी गेलं कुठं? भुतं पितात का?"

"म्या सांडलं का ओ?" बाई तोंड वाकडं करून म्हणाल्या. "काल जेवणाचा राडा झाला, आन् सांजच्याला वर्कशॉपमंदी पाइप लावलेला दिसला. म्या म्हणलं सायेबांचं काम असंल."

रुद्रम्मांच्या बोटातली शेंग न फोडताच राहिली.

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. कळंबहून एसटीनं चैतालीचे वडील आले होते. राजपाल ओव्हाळ, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्या माणसांमधून वाट काढत ते एकटे चालत आले. कुणी त्यांना हात लावला नाही, पण वाटही दिली नाही. शर्टाची बाही फाटलेली होती, कशानं ते त्यांनी सांगितलं नाही.

"जयभीम ताई," ते मला म्हणाले. "पोरीला भेटू द्या."

मी पाणी दिलं. माझ्या माठातलं शेवटचं पाणी. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला.

"माझी आई विहिरीवर गेली की बाया आपापल्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या," ते म्हणाले. "म्या म्हणायचो, आई, माझी लेक शिकंल तवा हे सपलेलं आसंल. आन् आता बघा."

बाहेर एका जीपचा हॉर्न वाजू लागला आणि कुणी तो थांबवीना. मी खिडकी लावून घेतली तरी तो कानात वाजतच राहिला.

"सकाळपतूर येळ हाय," रुद्रम्मा म्हणाल्या. पण तोंडावरून त्यांना काही सापडलंय असं वाटत नव्हतं.

६

सकाळ झाली. गाडी येणार होती. चैताली कपडे घालून खाटेच्या कडेला बसली होती, शेजारी राजपाल. हायवेवरच्या ढाब्यावरून कळशीभर पाणी आणवून मी मेसमध्ये स्वतः भाकऱ्या थापल्या, आमटी केली. एक डबा कुलदीपच्या हाती सोलापूरला हर्षालीसाठी पाठवला, कारण पोरगी बापाच्या उशाशी उपाशी बसली होती. दुसरं ताट रुद्रम्मांपुढं ठेवलं.

"खा. उपाशीपोटी कुणाला बेड्या घालू नये," मी म्हणाले.

त्या हसल्या. भाकरी मोडायच्या आधी त्यांनी बोटातली अंगठी काढून ताटाशेजारी ठेवली.

"अंगठी का काढली?"

"पीठ अडकतंय ओ खाचंत. माझी अव्वा कणीक मळताना..." त्या बोलता बोलता थांबल्या. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मग एकदम विचारलं, "अक्का, जेवताना चमच्यानं कोण कोण खात व्हतं?"

"सगळेच. आण्णासाहेब सोडून. त्यांनी हातानं कालवलं."

"कोणत्या हातानं?"

"जेवायचा हात कोणता असतो? उजवा."

"आन् लेकीची अंगठी?"

मी ताटाशेजारच्या अंगठीकडं बघितलं.

"त्यांनी आधी पात्रातनं भुरका मारला, तवा काय झालं न्हाय," रुद्रम्मा भराभर बोलू लागल्या. "मग बराच येळ गप्पा मारल्या, तवाबी काय न्हाय. कुणी जवळ आलं न्हाय. भाकरी सगळ्यांची एकाच दुरडीतली. पात्रात इख आधी नव्हतंच अक्का. ते हातासंगं आत गेलं. तुमी सगळे चमच्यानं खाताव, त्यो माणूस पाची बोटं बुडवून कालवतोय, आन् बोटात पोकळ अंगठी."

रुद्रम्मा माझ्या खोलीकडं धावल्या, मी मागोमाग. चैतालीला विचारलं, "त्या अंगठीवरनं तू हर्षालीला काय बोललीस?"

"तिनं एक भोक बुजवलं व्हतं मॅडम. पोकळ दागिन्याला दोन भोकं ठेवावी लागत्यात. एकातनं हवा जाती, दुसऱ्यातनं पाणी भाईर येतं. एकच असलं तर आत गेलेलं काय निघत न्हाय. दुसरं भोक चामखिळीगत दिसतंय म्हणून तिनं बुजवलं. साफ करायचं तेजाब आत राहिलं तर बोटाची कातडी जाईल, म्हणून म्या सांगितलं घालू नको. आणि तवा तर त्यावर सोन्याचं पाणीबी नव्हतं. सोलापूरला जायची राहिली व्हती ती."

"आन् दुसऱ्या दिवशी दुपारी ती सोनेरी व्हती," रुद्रम्मा म्हणाल्या. "एका रात्रीत सोलापूरला जाऊन आली व्हय?"

आणि मला हर्षालीचा कालचा फोन आठवला. मी दाराच्या चौकटीला धरलं.

"रुद्रम्माबाई, ती म्हणत होती, महांतप्पा सर सारखे अंगठी मागतायत. प्रदर्शनाची वस्तू आहे म्हणतात. पण ती देणार नाही म्हणाली. पप्पांच्या हातातली आहे म्हणून तिनं ती स्वतःच्या अंगठ्यात घातलीय."

"डब्यात काय दिलं तुमी?"

"भाकरी," मी म्हणाले. "आणि आमटी."

७

हर्षालीचा फोन लागेना. वॉर्डात बंद करायला लावतात. कुलदीप मोटारसायकलवर, तो उचलेना. हॉस्पिटलच्या काउंटरवरची बाई म्हणाली "थांबा", आणि फोन कटला. सोलापूरच्या पोलिसांना रुद्रम्मांनी सांगितलं, ते "माणूस पाठवतो" म्हणाले. मग आम्ही जीपमध्ये बसलो आणि निघालो.

त्या रस्त्यावरनं मी जन्मभर ये-जा केली आहे. त्या दिवशी तो संपेना. उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलो की मी डोळे मिटून देवीचं नाव घेत होते. डबा मी भरला होता. चिंचही मीच घातली होती, जरा जास्तच, कारण हर्षालीला आंबट आवडतं; आणि आंबटानं हे विष आणखी चेततं, असं रुद्रम्मा आत्ताच म्हणाल्या होत्या. "पोरीला उशिरा भूक लागू दे गं आई," एवढंच मी म्हणत होते. उपाशी पोरीसाठी असं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या आवारात कडुलिंबाखाली नातेवाईक जेवायला बसले होते. आधी कुलदीप दिसला, पाण्याची बाटली भरत होता. मग हर्षाली. मांडीवर डबा, मान खाली. ती भाकरी कुस्करत होती, बापासारखीच, पाची बोटांनी. अंगठ्यातला सोनेरी घुमट आमटीत पार बुडाला होता.

मी जीपचं दार ढकलून उतरले.

तिनं घास उचलला. रुद्रम्मा धावल्या आणि त्यांनी तिच्या मनगटावर असा फटका मारला की डबा लांब जाऊन उलटा पडला. बायका किंचाळल्या. एक कुत्रं आमटीकडं आलं, रुद्रम्मांनी त्याला लाथ घातली.

"थूक! खाल्लंस का?"

"न्हाय," हर्षाली म्हणाली. "पयलाच घास व्हता. का? काय झालं?"

रुद्रम्मांनी रुमालानं तिच्या अंगठ्यातली अंगठी ओढून काढली. घुमटाखाली सुईच्या टोकाएवढं भोक होतं. एकच. तपासणीत अंगठी चिरली तेव्हा आत पांढरा थर निघाला, ते नंतर. पण हर्षालीनं त्या भोकाकडं पाहिलं, रुद्रम्मांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"म्या?" ती म्हणाली. "पप्पांना म्या?"

मी तिला जवळ घेतलं. ती आमटीचा हात अंगापासून लांब धरून रडत होती. नळावर नेऊन मी तो हात धुतला, परत धुतला. ती "अजून" म्हणत राहिली.

८

महांतप्पा सर बॅग भरताना सापडले. रुद्रम्मांनी त्यांना वर्कशॉपमध्ये, त्या लखलखीत फरशीवर उभं केलं.

"सर, मनाईचं द्रावण तुमी मागच्या कोठीत ठेवत व्हता. हर्षालीची अंगठी राहिली व्हती, अध्यक्षांची लेक, मुंबईवाला येणार. तुमी रात्रीत सोन्याचं पाणी चढवून दिलं. बरोबर?"

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"असली पोकळ वस्तू नंतर पाण्यात उकळून काढावी लागती. का न्हाय काढली?"

"टँकर आला नव्हता," सर पुटपुटले. "कळशीभर पाणी होतं. वरवर धुतली. मला वाटलं, अंगठी आहे, कोण तोंडात घालणार आहे?"

"आन् आण्णासाहेब पडले त्या दिवशी टँकर आलेला. मग अख्ख्या वसतिगृहाचं पाणी तुमी ही फरशी धुवायला लावलं. म्हंजी ते पडले तवाच तुमाला कळलं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी समोर बघत होते. सरांनी मान हलवली. होय की नाही, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"चूक झाली व्हती," रुद्रम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "चूक माणसाच्या हातनं व्हती. पण नंतर तुमी 'मलाच मारायचं होतं' म्हणून रडलात. ही पोर तुरुंगात गेली असती, ते चाललं असतं तुमाला. पोरीकडं अंगठी मागत बसला, पर ती काढ, त्यात इख हाय, एवढं एक वाक्य तोंडातनं निघालं न्हाय. आज दुपारी दुसरा जीव गेला असता. ह्याला चूक म्हणत न्हाईत सर."

सर खाली बसले. फरशी कोरडी होती, तरी ते ओल्यात बसल्यासारखे कपडे सावरत राहिले. शिपाई त्यांना घेऊन गेले. फाटकाबाहेरच्या जीपा एक एक करून निघून गेल्या. राजपाल ओव्हाळ पायरीवर बसले होते. त्यांची फाटलेली बाही कुणीही बघितली नाही, माफी मागायला तर कुणीच आलं नाही.

९

आण्णासाहेब शुद्धीवर आले. त्यांना खरं सांगितलं, तेही हर्षालीनंच. ते आढ्याकडं बघत म्हणाले, "आता कालिजात जा. हितं बसू नको." ती आली.

मला वाटलं होतं, संपलं. सगळं उलगडलं, आता पोरी जेवतील. जेवायलाही आल्या. दुपारची मेस भरली. चैताली कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिच्याशी बोलायला चार जणी आल्या, नको इतकं गोड बोलल्या.

मग हर्षाली आत आली, आणि मेसमधला आवाज बंद झाला.

त्या दिवशी वाढायची पाळी तिची होती. तिनं भाकरीची दुरडी उचलली. पहिल्या टेबलावरच्या मुलीनं ताटावर हात धरला. "नको, पोट भरलंय," म्हणाली, ताट कोरं असताना. दुसरीनं ताट मागं ओढलं. तिसरी उठून हात धुवायला गेली. हर्षाली पुढं पुढं जात राहिली. उजव्या हाताची बोटं तिनं ओढणीखाली लपवली होती आणि डाव्या हातानं दुरडी सावरत होती. मी माझ्या जागेवरून उठणार, तेवढ्यात ती चैतालीच्या टेबलाशी पोहोचली आणि मान खाली घालून पुढं निघाली.

"कुठं चाललीस?" चैताली म्हणाली.

हर्षाली थांबली. सगळी मेस बघत होती.

"डाव्या हातानं काय धरतीस? उजव्यानं वाढ."

"चैताली, म्या..."

"माफ केलंय असं समजू नको," चैताली म्हणाली आणि ताट पुढं सरकवलं. "दोन दिस जेवले न्हाय. भूक लागलीय. वाढ."

हर्षालीनं ओढणीखालचा हात बाहेर काढला. तिनं भाकरी ताटात ठेवली, आणि चैताली ती मोडून खायला लागली.